‘अन्य अवशेष : निरंक’ लिहिण्यापूर्वी

पाटण तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या खोऱ्यात धरण प्रस्तावित असून बुडीत क्षेत्रात एक गावठाण आणि दोन वाड्या जात आहेत. मध्यंतरी दोन जण जीपने आले, दोन दिवस फिरले आणि पुरातत्त्वीय पाहणीच्या अहवालात ‘देवालये : २, अन्य अवशेष : निरंक’ अशी नोंद झाली. प्रत्यक्षात गावात पाच वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, ओढ्याच्या वरच्या अंगाला एक दगडी चौथरा आहे आणि वरकस रानात नांगराला काळे, जड खडे लागतात. तेव्हा ही पाहणी पुरेशी मानावी काय, खरे सर्वेक्षण कसे असते आणि गावाने आता काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

पुरेशी मानू नये. मात्र त्या दोघांनी कामचुकारपणा केला असेच गृहीत धरण्याचेही कारण नाही. त्यांना बहुधा देवळे मोजायला सांगितले होते आणि त्यांनी ती मोजली. दोष आहे तो ‘निरंक’ या शब्दाचा. शासकीय तक्त्यात रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून हा शब्द लिहिला जातो, आणि पुढे फाईल वाचणारा त्याचा अर्थ ‘तेथे काही नाही’ असा घेतो. वास्तविक त्याचा अर्थ ‘आम्हांला काही दिसले नाही’ एवढाच असतो. कोणत्या महिन्यात पाहिले, किती जण चालले, किती अंतरावरून चालले, जमीन उघडी होती की गवताखाली, हे लिहिलेले नसेल तर त्या नोंदीला काहीच किंमत नाही. हे मी स्वतःला वगळून म्हणत नाही. उमेदीच्या काळात एका ओढ्याकाठच्या पट्ट्याबद्दल मीही ‘निरंक’ लिहिले होते. दिवस दिवाळीनंतरचे होते आणि गवत गुडघ्यापर्यंत होते. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पट्ट्यात कालव्यासाठी यंत्राने चर काढला, तेव्हा हातभर खाली राखेचा थर, खापरे आणि शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला. चर काढणाऱ्या मुकादमाने तो तुकडा मला आणून दाखवला, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहणे मला जमले नाही.

बुडीत क्षेत्राचे सर्वेक्षण प्रथम कागदावर होते. जलसंपदा विभागाच्या नकाशावर पूर्ण संचय पातळीची, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जेथवर चढेल त्याची, रेषा असते. तिच्या आत येणारे सर्व गट क्रमांक, गावनकाशा आणि फाळणीचे, म्हणजे जमिनीच्या पोटहिश्श्यांचे, नकाशे आधी जमवावे लागतात. जुन्या महसुली कागदांत ‘बेचिराग’ म्हणून नोंदलेली गावे शोधावी लागतात, कारण वस्ती उठून गेलेले गाव म्हणजे आमच्या दृष्टीने आयतीच हाती लागलेली खूण असते. त्यानंतर शेतांची नावे येतात. देऊळशेत, मठाचा माळ, गढीची पट्टी, कुंभारकी अशी नावे सातबाऱ्यावर असतातच असे नाही. ती गुराख्यांच्या आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी असतात. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, सर्वेक्षण गाव नांदते असतानाच व्हायला हवे. पुनर्वसन होऊन गाव रिकामे झाल्यावर मोकळ्या रानात काम करणे सोयीचे वाटते, पण तोवर ते रान वाचून दाखवणारी माणसे दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असतात. कोयना धरणाच्या वेळी नेमके हेच झाले. तेथील विस्थापित इतक्या दूरवर विखुरले, की आज त्या धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी असलेल्या एखाद्या शिवाराचे नाव विचारायचे झाले तर कोणत्या गावी जावे, येथूनच शोधाला सुरुवात करावी लागते.

देशावरच्या खेड्यात जमिनीचे दोन भाग पिढ्यान्‌पिढ्या बोलले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, चुना आणि पडलेल्या मातीच्या भिंती मिसळून वस्तीची माती भुरकट-पांढरी होते आणि तिचे टेकाड उठते. खटाव, माण, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यात शाळूची काढणी झाल्यावर असे टेकाड लांबूनही ओळखू येते आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर तर त्यावरची खापरे धुऊन निघून चमकतात. तेथे संकट वेगळेच आहे. ही माती खताची म्हणून शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून नेली, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी आल्यावर उसासाठी रान एका पातळीत आणताना उरलेली टेकाडेही सपाट झाली. धरण बांधले की गावे बुडतात हे सर्वांना दिसते. पण धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या लाभक्षेत्रात, म्हणजे बुडीत रेषेपासून पन्नास-शंभर किलोमीटर दूर, सपाटीकरणात जे जाते ते कोणाच्याच हिशोबात येत नाही.

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याचा पश्चिम भाग येथे मात्र हा पांढरीचा ठोकताळा चालत नाही. येथे पाऊस प्रचंड, उतार तीव्र, माती तांबडी आणि वस्ती विरळ असते. घरे लहान, जोत्यावर कुडाची. ती पडल्यावर टेकाड उठत नाही, उरते ते दगडी जोते. त्यातच वरून डोंगराची माती वाहून येते आणि दोन-तीन पिढ्यांत जोतेही झाकले जाते. अशा खोऱ्यात केवळ जमिनीवरून चालून भागत नाही. ओढ्याने कापलेले काठ, पडझड झालेल्या विहिरींच्या बाजू, रस्त्यासाठी फोडलेले बांध, नव्या घराच्या पायाचे खड्डे, म्हणजे जिथे कोठे माती उभी कापली गेली आहे ती प्रत्येक जागा पाहावी लागते. उभ्या कापातल्या रेघा वाचायला शिकलेला माणूस अर्ध्या दिवसात जे सांगू शकतो, ते रानभर चालणाऱ्याला आठवड्यातही सापडत नाही. हे सर्व भातखाचरे रिकामी झाल्यावर आणि गवत वाळल्यावर, म्हणजे माघ ते वैशाख या काळात करावे. नेमक्या याच महिन्यांत आर्थिक वर्ष संपत असल्यामुळे निधी परत जाण्याची घाई सुरू होते, हा या कामाला लागलेला जुनाच शाप आहे.

आता चालण्याचा हिशोब सांगतो, कारण दोन दिवस पुरेसे की नाहीत हे त्यावरूनच कळते. पाहणी करणारे एका ओळीत वीस-वीस मीटर अंतरावर उभे राहून रान ओलांडतात. एक चौरस किलोमीटर जागा अशी पूर्ण करायची तर प्रत्येकी एक किलोमीटरच्या पन्नास फेऱ्या होतात, म्हणजे पन्नास किलोमीटरचे चालणे. नजर जमिनीवर ठेवून, वाकून, उचलून, नोंद करून चालणारा माणूस दिवसाला आठ-दहा किलोमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तेव्हा पाच जणांच्या तुकडीला एक चौरस किलोमीटरला एक पूर्ण दिवस लागतो, आणि खापरे धुणे, जीपीएसची टिपणे नकाशावर घालणे, शंकास्थळी परत जाणे हे धरून दोन. बुडीत क्षेत्र सहा चौरस किलोमीटर असेल तर बारा दिवस झाले. त्यातही प्रत्येकाला आपल्या दोन्ही बाजूंची मिळून फार तर दोन मीटरची पट्टी नीट दिसते. म्हणजे एवढे करूनही प्रत्यक्ष पाहिलेली जमीन एक दशांशच असते. अहवालात हा एक दशांश लिहिला पाहिजे. दोघांच्या दोन दिवसांत किती जमीन पाहून झाली असेल याचा अंदाज यावरून आपण स्वतःच करावा. ड्रोनची छायाचित्रे उपयोगी आहेत. जुने बांध, गढीचा चौकोन, बुजलेल्या तळ्याची कड ती चांगली दाखवतात. पण खापर आकाशातून दिसत नाही.

आपण लिहिलेल्या काळ्या, जड खड्यांनी माझे लक्ष सर्वांत जास्त वेधले. त्यातला एखादा खडा हातात घेऊन पाहावा. तो आकाराच्या मानाने फार जड असेल, एका अंगाला काकवी वाहता वाहता थिजावी तशा वळ्या असतील आणि फोडल्यावर आत बुडबुड्यांची भोके दिसतील, तर ती लोखंडाची कीट, म्हणजे लोखंड गाळताना उरलेला मळ, आहे. महाबळेश्वर-कोयना परिसरात जांभ्या दगडातून लोखंड गाळणारा धावड समाज होता आणि त्यांच्या भट्ट्यांच्या जागी कीटीचे ढीग आजही आढळतात. ढिगाजवळ भाजलेल्या मातीच्या जाड नळीचे तुकडे मिळाले, आतून काचेसारखे वितळलेले, तर ती भात्याची नळी होय आणि मग भट्टीची जागा पाच-दहा पावलांतच असते. अशा ठिकाणी कोळशाचे कण सापडल्यास त्यांवरून काळ ठरवता येतो. महाराष्ट्राच्या इतिहासात गड-किल्ल्यांवर जेवढे लिहिले गेले, त्याच्या शतांशानेही त्या गडांवरच्या हत्यारांचे लोखंड कोणी, कोठे, कोणत्या जंगलाचा कोळसा करून गाळले यावर लिहिले गेलेले नाही. देवळे मोजणाऱ्या तक्त्यात या ढिगाला रकानाच नसतो. माझ्या मते आपल्या खोऱ्यातील ती दोन देवालये एकवेळ उचलून नेता येतील, पण भट्टीची जागा उचलता येत नाही. तिचे उत्खनन बुडण्यापूर्वीच व्हावे लागेल.

वीरगळांकडेही असेच बारकाईने पाहावे. वीरगळ म्हणजे नुसता कोरीव दगड नसतो. तो कोणत्या जागी उभा आहे यालाही अर्थ असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईंच्या हरणाचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र, ही मांडणी बहुतेकांना माहीत आहे. पण पाच वीरगळ एका ओळीत शिवेवर उभे असतील तर ती एखाद्या चकमकीची जागा असू शकते, आणि तेच देवळाच्या आवारात आणून ठेवलेले असतील तर आधी ते कोठे होते हे विचारावे लागते. एका गावी मी सकाळभर चौथा वीरगळ शोधत होतो. दुपारी ओढ्यावर धुणे धुणाऱ्या एका मावशींनी हातातले धुणे बाजूला ठेवून सांगितले, “अहो, हा दगुड पालथा घाला की, खाली माणसं हायती.” तो दगड उलटवायला चार जण लागले. धुण्याच्या बाजूला असलेली पाठ गुळगुळीत झाली होती, आणि खालच्या बाजूच्या तिन्ही चौकटी मात्र कालच कोरल्यासारख्या होत्या. सतीशिळा आणि गद्धेगळ यांनाही हेच लागू आहे. गद्धेगळावर दान मोडणाऱ्यास शाप असतो आणि तो दान दिलेल्या जमिनीच्या हद्दीवर उभा केलेला असतो. जागेवरून हलवला की त्या दानाची हद्दच पुसली जाते.

येथे एक धोका सांगितला पाहिजे, कारण तो गावाच्या सद्भावनेतूनच उद्भवतो. पुनर्वसनाच्या वेळी गाव आपले देव, वीरगळ, समाधीचे दगड सोबत नेते. ते नेऊ नयेत असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. ज्यांचे पूर्वज आहेत त्यांनीच ते न्यावेत. परंतु ट्रकमध्ये चढवण्यापूर्वी प्रत्येक दगडाची मूळ जागा नकाशावर घातली गेली पाहिजे, तोंड कोणत्या दिशेला होते, जमिनीत किती पुरला होता, शेजारी काय होते हे टिपले गेले पाहिजे, आणि दगड काढल्यावर खालचा खड्डा पाहिला गेला पाहिजे. नव्या गावठाणात सिमेंटच्या ओट्यावर ओळीने बसवलेले, तैलरंगाने रंगवलेले वीरगळ मी बरेच पाहिले आहेत. तेथे श्रद्धा टिकली, पण दगड कोणत्या शिवेवरचा ते कोणालाच सांगता येईना.

देवळे हलवण्याची गोष्ट निघाली म्हणून, आपल्याच कृष्णेच्या काठाने खाली गेल्यास काय दिसते ते सांगतो. नारायणपूर धरणाच्या फुगवट्यात कृष्णा-मलप्रभा संगमावर कूडलसंगम येथे बसवेश्वरांचे ऐक्यस्थळ भोवती भिंत घालून जागीच राखले आहे. त्याही खाली श्रीशैलम धरणात जाणारे कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर दगडांना क्रमांक देऊन उतरवले गेले आणि आलमपूरला पुन्हा उभे केले गेले. आणखी खाली नागार्जुनकोंडा. तेथे १९५४ ते १९६० अशी सलग सहा वर्षे आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संपूर्ण खोरे खणले आणि अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे अवशेष नोंदले. निवडक वास्तू जलाशयातील टेकडीवर नेल्या गेल्या, जेथे आता होडीने जावे लागते. या तिन्हींत मला नागार्जुनकोंडाचे मोल सर्वांत अधिक वाटते, आणि ते हलवलेल्या वास्तूंमुळे नव्हे. तेथे प्रश्न ‘काय वाचवायचे’ असा विचारला न जाता ‘या खोऱ्यात काय काय आहे’ असा विचारला गेला, म्हणून.

उजनीच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे देऊळ पाणी ओसरले की वर येते. ते पाहून ‘दगड पाण्यात टिकतो, मग काळजी कशाची’ असे लोक म्हणतात. देऊळ टिकले हे खरे, पण भोवतीचे गाव टिकले नाही. जलाशयात सर्वाधिक नुकसान तळाशी होत नाही. तळाशी गाळ साचतो आणि तो एका अर्थाने झाकणच घालतो. नुकसान होते ते पूर्ण संचय पातळी आणि उन्हाळ्यातील किमान पातळी यांमधल्या पट्ट्यात. तेथे दरवर्षी पाणी चढते व उतरते, लाटा मऊ माती काढून नेतात आणि वेगवेगळ्या थरांतली खापरे एकाच फरशीवर मांडल्यासारखी एकत्र येऊन पडतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे खापर आणि पेशवाईतले खापर शेजारी-शेजारी पडले की थरांचा पुरावा कायमचा गेला. म्हणून वेळ आणि पैसा अपुरा असेल, आणि तो नेहमीच अपुरा असतो, तर चाचणी खड्डे प्रथम या चढउताराच्या पट्ट्यात घ्यावेत असा माझा सल्ला असतो. त्याचबरोबर भिंतीसाठी माती व मुरूम काढण्याच्या खाणी, दगडखाण, कामगार वसाहत, वळवलेला रस्ता आणि नवे गावठाण या जागाही पाहणीत घ्यायला लावाव्यात. त्या बुडत नाहीत म्हणून नकाशावर रंगवलेल्या नसतात, पण यंत्र तेथे पाण्याच्या आधी पोचते.

आपला चौथरा नेमका काय आहे हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मात्र कुंभार्ली घाटाची वाट पाटणवरून कऱ्हाडला जाते आणि कऱ्हाड म्हणजे प्राचीन करहाटक, जेथील दात्यांची नोंद मध्य प्रदेशातील भारहूतच्या बौद्ध स्तूपावरील लेखांतही आहे. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. अशा मार्गाच्या जवळच्या खोऱ्यातील चौथरा ही घाटवाटेवरची चौकी, धर्मशाळेचे जोते, समाधी किंवा अगदी अलीकडचे खळेही असू शकते. शेंदूर, चुना किंवा माती खरवडून आत काय आहे ते पाहण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा मुख्यतः संरक्षित घोषित झालेल्या स्थळांना आधार देतो. आपल्या चौथऱ्यासारख्या हजारो अघोषित जागा त्यात आपोआप येत नाहीत. उत्खनन परवानगीशिवाय कोणालाही करता येत नाही, त्यामुळे गावातील उत्साही तरुणांनी खणायला जाऊ नये. जमिनीत पुरलेली नाणी, ताम्रपट, दागिने असे काही सापडल्यास १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. त्या कायद्यातील किमतीची मर्यादा दहा रुपयांची आहे, म्हणजे व्यवहारात सर्वच काही त्यात येते. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत असेल तर त्याच्या जनसुनावणीत सांस्कृतिक वारशाचा मुद्दा मांडता येतो, आणि तेथे तोंडी बोलण्यापेक्षा नकाशा जोडलेले लेखी निवेदन द्यावे. ते इतिवृत्ताचा भाग होते.

तेव्हा पुढचे काम असे करावे. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि प्रकल्पाच्या कार्यकारी अभियंत्यांना ग्रामसभेच्या ठरावासह पत्र द्यावे, आणि त्यात ‘आमचा वारसा वाचवा’ एवढेच न लिहिता पाहणीची तारीख, चाललेले क्षेत्र, माणसांची संख्या आणि पद्धत यांची माहिती मागावी. अभियंत्यांशी भांडण करू नये. माझ्या अनुभवात बुडीत रेषेचे अचूक नकाशे आणि वेळापत्रक त्यांच्याकडूनच मिळाले, आणि एकदा तर कनिष्ठ अभियंत्यानेच खाणीची जागा दोनशे मीटर सरकवून एक पांढरी वाचवली. डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेतील जाणकारांना पाचारण करायचे ते हातात काहीतरी ठेवून, म्हणजे गावनकाशाच्या प्रतीवर शेतांची स्थानिक नावे, वीरगळांच्या जागा, कीट सापडणारे गट आणि जुन्या विहिरी लिहून. हे काम शाळेतील मुले आणि त्यांचे आजी-आजोबा मिळून दोन रविवारांत करू शकतात. खडे आणि खापरे गोळा करून शाळेच्या कपाटात मात्र ठेवू नयेत. जागेवर असू द्यावीत, फक्त फोटो काढावा.

वीरगळांचे फोटो भर दुपारी काढू नयेत. सकाळी सात-साडेसातला ऊन तिरपे असताना, किंवा अंधार पडल्यावर एका बाजूने विजेरी धरून काढावेत, म्हणजे झिजलेल्या रेषाही उठून येतात. शेजारी मोजपट्टी उभी करावी, उत्तर दिशा दाखवणारा बाण खडूने जमिनीवर काढावा, दगडावर नव्हे, आणि दोन चौकटींमधली आडवी पट्टी जवळून वेगळी टिपावी, कारण एखाद्या वीरगळावर लेख असलाच तर तो बहुधा तेथेच असतो. हे फोटो आणि कीटीच्या खड्याचा एक स्वच्छ फोटो, फोडलेल्या बाजूने, प्रथम पाठवावा. गवत पुन्हा वाढण्यापूर्वी, म्हणजे मृगाच्या आधी, ती जागा मला स्वतः पाहायची आहे.